दोरी ओढणाऱ्या ब्रूनोविषयी

गोव्यातील फोंड्याजवळच्या एका वाड्यावर, म्हणजे छोट्या वस्तीवर, राहणाऱ्या ताईंनी विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही उत्तराचा संदर्भ लागेल. त्यांच्या घरी ब्रूनो नावाचा दीड वर्षाचा, ३२ किलो वजनाचा लॅब्राडोर आहे. घरात तो समंजस असतो. ‘बस’ म्हटले की बसतो, कोणाच्या ताटात तोंड घालत नाही. फाटक उघडले की मात्र दोरी ताणून धावत सुटतो. सकाळी त्याला वडील नेतात, संध्याकाळी ताई स्वतः आणि रविवारी भाऊ. वाड्यावरची कुत्री भुंकत आली किंवा पोदेराचा, म्हणजे सायकलवरून पाव विकणाऱ्याचा, भोंगा वाजला की तो कोणालाच आवरत नाही. गेल्या महिन्यात चिऱ्यांच्या पायऱ्यांवरून वडील घसरले आणि त्यांचे मनगट मुरगळले. शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून चोक चेन, म्हणजे ओढले की गळ्याभोवती आवळणारी साखळी, आणली. चार दिवस फरक पडला आणि पाचव्या दिवसापासून तो खोकत खोकत ओढू लागला. ‘आता याहून कडक साखळी घ्यावी, की त्याला बाहेर नेणेच बंद करावे?’ असे त्या विचारतात.

माझे उत्तर असे की दोन्ही करू नये. गेली १७ वर्षे मी गोव्यात घरोघरी जाऊन कुत्री शिकवतो आणि माझ्याकडे सर्वांत जास्त तक्रारी याच येतात. त्या ऐकताना पहिला प्रश्न मी नेहमी एकच विचारतो: कुत्र्याने दोरी ओढल्यावर पुढे काय होते? ताईंच्या लिहिण्यात त्याचे उत्तर आहेच. ब्रूनो ओढतो आणि वडील त्याच्यामागून चालतात. त्याला समोरच्या गडग्याचा, म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंतीचा, वास घ्यायचा असतो, तो ओढतो आणि गडग्यापाशी पोहोचतो. दिवसातून दोन वेळा म्हणजे वर्षभरात सातशेहून अधिक वेळा त्याने हे काम केले आहे आणि प्रत्येक वेळी त्याला त्याची मजुरी मिळाली आहे. त्याच्या दृष्टीने फिरायला जाणे म्हणजेच दोरी ओढणे. त्यात आज्ञाभंग झाला असे त्याला वाटण्याचे कारणच नाही. शिवाय कुत्र्याची सहज दुडकी चाल माणसाच्या चालीपेक्षा वेगवान असते, त्यामुळे आपल्या गतीने चालणे ही त्याला मुद्दाम शिकवावी लागणारी गोष्ट आहे, आणि ती त्याला अजून कोणी शिकवलेलीच नाही.

प्रश्नातील एक वाक्य ताईंनी जाता जाता लिहिले आहे, पण मला ते सर्वांत महत्त्वाचे वाटले: ‘बाबांबरोबर तो जास्त ओढतो, माझ्याबरोबर थोडा कमी, कारण मी कधी कधी थांबते.’ या ‘कधी कधी’मध्येच अडचण आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी उंदीर आणि कबुतरे यांच्यावरील प्रयोगांतून दाखवून दिले होते की ज्या वर्तनाला प्रत्येक वेळी फळ मिळते त्यापेक्षा ज्याला अधूनमधून मिळते ते वर्तन अधिक चिवट असते. मांडवीत उभ्या असलेल्या कॅसिनोच्या बोटींवर माणसे पहाटेपर्यंत यंत्रासमोर बसून राहतात त्याचे कारणही हेच आहे. तीन वेळा थांबून चौथ्या वेळी उशीर होतो म्हणून ओढू दिले, तर आपण कुत्र्याला न ओढण्याऐवजी अधिक चिकाटीने ओढायला शिकवतो. मग वडील पूर्ण मजुरी देतात, ताई अर्धी देतात आणि भाऊ रविवारी त्याच्याबरोबर धावून बक्षीसही देतो. तीन माणसांचे तीन कायदे असतील तर कुत्र्याने कोणता पाळावा?

आता परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी. मी ब्रूनोला पाहिलेले नाही, त्यामुळे तो केवळ उत्साहाने ओढतो की त्यात भीतीही आहे, हे येथून सांगता येणार नाही. वाड्यावरच्या कुत्र्यांविषयी लिहिताना त्याकडे पुन्हा येतो. दीड वर्ष हे लॅब्राडोरचे भर तारुण्य असते आणि काही धसमुसळेपणा वयाबरोबर आपोआप कमी होतो, पण पक्की झालेली सवय वयाने जात नाही. खोकला चोक चेनमुळे सुरू झाला असावा असे वाटते, तरीही एकदा पशुवैद्याला दाखवून श्वासनलिका, मान आणि पुढच्या पायांचे सांधे तपासून घ्यावेत, कारण या जातीत कोपराचे आणि खुब्याचे विकार आढळतात आणि दुखणाऱ्या कुत्र्याला सावकाश चालणे कधी कधी अधिक कठीण जाते. गोचिडतापाची तपासणीही त्याच वेळी होऊ शकते. हे सर्व ठीक असेल तर पुढचे सगळे माणसांच्या हातात आहे.

चोक चेनविषयी स्पष्ट लिहितो, कारण सुरुवातीची काही वर्षे मी स्वतः ती वापरली आहे आणि इतरांनाही वापरायला सांगितली आहे. ती ‘चालते’ असे वाटते, कारण पहिल्या काही दिवसांत अचानक बसणाऱ्या फासाने कुत्रा दचकतो आणि दबतो. नंतर त्याला त्या दुखण्याची सवय होते आणि पुढे जाण्याची ओढ त्यापेक्षा मोठी ठरते. ब्रूनोच्या बाबतीत पाचव्या दिवशी नेमके हेच झाले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पशुवैद्यकीय अभ्यासात गळपट्ट्यावर ताण आल्यावर कुत्र्याच्या डोळ्यांतील दाब वाढतो आणि हार्नेसवर, म्हणजे छातीभोवती बांधायच्या पट्ट्यांवर, ताण आल्यावर तसा वाढत नाही, असे आढळले होते. हे साध्या गळपट्ट्याचे झाले. फासाविषयी वेगळे सांगायला नको. मला चोक चेन सोडायला लावणारे कारण मात्र आणखी वेगळे होते. माझ्याकडे शिकायला असलेला एक शांत स्वभावाचा अल्सेशियन दुसरे कुत्रे दिसले की उत्सुकतेने पुढे होई आणि दर वेळी मी त्याला फास देई. दोन महिन्यांनी तो दुसरी कुत्री पाहताच गुरगुरू लागला. त्याने केलेला हिशेब बरोबरच होता: समोर कुत्रे दिसले की आपला गळा आवळला जातो, म्हणजे समोरचे कुत्रे वाईट. ती चूक सुधारायला मला त्यानंतर जवळजवळ एक वर्ष लागले. ज्या वाड्यावर पावलोपावली कुत्री भेटतात तेथे हा धोका पत्करू नये.

साधनांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही, कारण कोणतेही साधन कुत्र्याला शिकवत नाही. ते फक्त शिकवण्यासाठी वेळ मिळवून देते. तुमच्या घरातील परिस्थितीत छातीवर, म्हणजे पुढच्या बाजूला कडी असलेला आणि खांद्यांची हालचाल मोकळी ठेवणारा हार्नेस घ्यावा. ३२ किलोचा कुत्रा पुढे झेपावला की छातीवरची कडी त्याचे अंग बाजूला वळवते आणि धरणाऱ्याचा तोल राहतो. फक्त पाठीवर कडी असलेल्या हार्नेसने मात्र उलट होते. त्यात कुत्र्याला छातीच्या पूर्ण जोराने आरामात ओढता येते, आणि बर्फावरून गाड्या ओढणाऱ्या कुत्र्यांनाही असाच मागून जोडणारा साज घालतात. स्प्रिंगची, आपोआप लांबणारी लीश अजिबात नको, कारण तिच्यात सतत थोडा ताण असतो आणि ताण दिला की दोरी लांबते, हाच धडा ती दिवसभर देत राहते. सुमारे २ मीटर लांबीची चपटी नायलॉनची दोरी पुरेशी आहे. सुती दोरी आपल्याकडच्या पावसात भिजून जड होते आणि बुरशी धरते. हूक दर महिन्याला तपासावा. खाऱ्या हवेत लोखंडी हूक आतून गंजतो आणि नेमका नको त्या क्षणी तुटतो. दोरी मनगटाभोवती कधीही गुंडाळू नये. तिचा फास अंगठ्यात अडकवून मूठ मिटावी आणि हात नाभीजवळ ठेवावा. घसरताना वडिलांनी दोरी कशी धरली होती हे तुम्ही लिहिलेले नाही, पण मी पाहिलेल्या बहुतेक दुखापती दोरी मनगटाला गुंडाळल्यामुळेच झाल्या होत्या.

आता माझ्या कामातील ज्या एका युक्तीवर मी सर्वाधिक भिस्त ठेवतो ती सांगतो. शिकवण्याचे चालणे आणि गरजेचे चालणे वेगवेगळे ठेवा, आणि दोन्हींची खूणही वेगळी ठेवा. कुत्र्याला सकाळी शी-शूसाठी न्यावेच लागते, कामावर जाण्याची घाई असते आणि त्या वेळी प्रत्येक पावलावर नियम पाळणे माणसाला शक्य नसते. म्हणून घाईच्या वेळी दोरी हार्नेसला लावावी आणि त्यात त्याने थोडे ओढले तरी तिकडे दुर्लक्ष करावे. शिकवताना मात्र दोरी साध्या, रुंद गळपट्ट्याला लावावी आणि त्या वेळी ताणलेल्या दोरीने एकही पाऊल पुढे पडू देऊ नये. कुत्री या बाबतीत फार चाणाक्ष असतात. आठवडाभरात त्यांना कळते की गळपट्ट्याला दोरी लागली म्हणजे कायदा वेगळा. असे न करता ‘आजपासून कधीच ओढू देणार नाही’ असा पण केला तर तो तिसऱ्या दिवशी मोडतो, आणि मोडलेला पण पुन्हा तीच अधूनमधूनची मजुरी ठरतो. अर्थात ज्या कुत्र्याला भुंकणारी कुत्री पाहून झेप घेण्याची सवय आहे त्याच्या गळपट्ट्याला रस्त्यावर दोरी लावायची नाही; ब्रूनोचे गळपट्ट्याचे धडे पहिले काही आठवडे फाटकाच्या आतच होतील.

धड्यांची सुरुवात पडवीत, दोरीशिवाय करावी. खाऊ हवा तो वाटाण्याएवढ्या तुकड्यांचा आणि मऊ: उकडलेले कोंबडीचे मांस, थोडे काळीज, उकडलेला लाल भोपळा. सुक्या मासळीचा वास कुत्र्याला वेड लावतो, हे खरे, पण तिच्यात मीठ फार असते, म्हणून ती नको. मनुका, कांदा आणि चॉकलेट तर कुत्र्याला विषारीच. जेवढा खाऊ द्याल तेवढे जेवण कमी करावे, नाहीतर दोन महिन्यांत ब्रूनो ३२चा ३६ किलोचा होईल. कुत्रा डाव्या बाजूला ठेवायचा असेल तर दोरी उजव्या हातात आणि खाऊ डाव्या हातात असावा, आणि तो नेहमी आपल्या डाव्या मांडीच्या शिवणीला, म्हणजे कपड्याच्या बाजूच्या शिवणीला, हात टेकवूनच द्यावा. हे क्षुल्लक वाटेल, पण खाऊ उजव्या हाताने, पोटासमोरून दिला की कुत्रा तो घेण्यासाठी आपल्यासमोर येतो, पायात घोटाळतो आणि आपण त्याला ‘पुढे ये’ असेच शिकवत राहतो. कुत्रा जेथे खातो तेथे तो घोळतो. म्हणून सगळा खाऊ मांडीच्या शिवणीजवळ मिळू लागला की काही दिवसांत तो न बोलावता तेथे येऊन चालू लागतो.

मग एक पाऊल टाकावे आणि खाऊ द्यावा, नंतर दोन पावले आणि खाऊ, नंतर तीन. असे वीसपर्यंत जावे आणि मध्ये दोरी ताणली गेली तर पुन्हा एकपासून सुरू करावे. आपल्याकडची अंगणे या कामासाठी उत्तम असतात, कारण मधोमध तुळस असते. तुळशीभोवती डावीकडे वळत, म्हणजे कुत्रा आतल्या बाजूला राहील अशा फेऱ्या घातल्या की त्याला आपली गती आवरावी लागते. उलट दिशेने फेऱ्या घातल्या की त्याला बाहेरून मोठे वर्तुळ चालावे लागते आणि तो वेग वाढवतो. सुरुवातीला डावीकडच्याच फेऱ्या घालाव्यात. एका वेळी पाच मिनिटे, दिवसातून तीन वेळा, यापेक्षा जास्त नको. एप्रिल-मे महिन्यांत हे सकाळी सातच्या आत आणि दिवे लागल्यावरच करावे. दमट उकाड्यात धापा टाकणारा कुत्रा शिकत नाही. रस्त्यावर नेण्याआधी हाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद टेकवून पाहावी; ती टेकवून ठेवता आली नाही तर त्याच्या पंज्यांनाही ते सोसणार नाही.

फाटक हा स्वतंत्र धडा आहे आणि मला वाटते ब्रूनोसाठी तो सर्वांत मोठा ठरेल, कारण त्याचा सगळा उन्माद तेथून सुरू होतो. फाटकाची कडी काढावी. तो पुढे झाला की कडी पुन्हा लावावी. रागावू नये आणि बोलूही नये. दोरी सैल असताना फाटक बोटभर उघडावे, ताणली की बंद करावे. पहिल्या दिवशी यातच दहा मिनिटे जातील आणि कदाचित बाहेर पडणे होणारच नाही. येथे खाऊची गरज नसते, कारण उघडणारे फाटक हेच त्याला हवे असलेले बक्षीस असते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो पूर्वीपेक्षाही जोरात ओढेल, कदाचित भुंकेलही. जे काम वर्षभर मजुरी मिळवून देत होते ते अचानक निष्फळ झाले की जनावर ते सोडण्यापूर्वी एकदा सर्व जोर लावून पाहते. बहुतेक घरे नेमकी याच दिवशी हार मानतात आणि नंतर मला सांगतात की ‘ही पद्धत आमच्या कुत्र्याला लागू पडत नाही’.

रस्त्यावर ओढले की जागीच थांबावे, हा सल्ला तुम्ही वाचलाच असेल. तो बरोबर आहे, पण अपुरा आहे, आणि त्याच्या अपुरेपणाविषयी फारसे कोणी बोलत नाही. हुशार कुत्रा, आणि लॅब्राडोर हुशारच असतो, त्यातून एक साखळी शिकतो: ओढायचे, मालक थांबतो, मग मागे वळून त्याच्याजवळ यायचे, खाऊ खायचा, पुन्हा ओढायचे. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की कुत्रा दर वेळी परत येतो, म्हणजे शिकतो आहे. प्रत्यक्षात ओढणे हीच खाऊ मिळवण्याची पहिली पायरी झालेली असते. यावर उपाय असा की तो परत आल्याबरोबर खाऊ देऊ नये. परत आला की नुसते चालू लागावे, पाच-सहा पावले दोरी सैल राहू द्यावी आणि मग द्यावा. दुसऱ्या वेळी आठ पावलांनी, तिसऱ्या वेळी चार पावलांनी. म्हणजे मजुरी चालण्याची मिळेल, परत येण्याची नाही. आणि ओढल्यानंतरच्या खाऊपेक्षा न ओढता चालताना मिळणारा खाऊ संख्येने कितीतरी जास्त असला पाहिजे. शिकवणारा माणूस चुकांची वाट पाहत राहतो आणि बरोबर चाललेल्या तीस पावलांबद्दल काहीच देत नाही, ही मी सर्वाधिक वेळा पाहिलेली चूक आहे.

खाऊपेक्षाही मोठे बक्षीस वाटेवर फुकट पडलेले असते, ते म्हणजे वास. फोंडा तालुक्यात तर गडगे, कुळागरांच्या, म्हणजे सुपारीच्या बागांच्या, कडा, पाटाचे पाणी, रानडुकराने उकरलेली माती; कुत्र्याच्या नाकासाठी ही रोजची वर्तमानपत्रेच होत. वास घेणे ही कुत्र्याची गरज आहे, ती मोडून काढायची नाही. तिचा उपयोग करायचा. वीस पावले सैल दोरीने चालला की ‘जा, हुंग’ असे म्हणून गडग्यापाशी मोकळे सोडावे आणि त्याला हवा तितका वेळ हुंगू द्यावे. काही दिवसांनी तो त्या शब्दाची वाट पाहत शेजारी चालतो. फक्त पावसाळ्यात उंच गवताच्या कडेने हे करू नये, कारण तेथे साप असतात आणि घोणस कुत्र्याला पळण्याची संधी देतेच असे नाही.

पोदेराचा भोंगा हा तुमच्या प्रश्नातील मला सर्वांत आवडलेला भाग. एक विचारतो: तुमच्या घरी सकाळी पोदेर आला की ब्रूनोला पोयचा, म्हणजे गोव्यातील गोल पावाचा, तुकडा मिळतो का? मी गेलो आहे अशा बहुतेक घरांत मिळतो, आणि तो देणारी व्यक्ती बहुधा घरातील ज्येष्ठ असते. तसे असेल तर तुम्ही नकळत रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह यांचा प्रयोग घरी करत आहात. इव्हान पावलोव्ह कुत्र्यांच्या पचनक्रियेचा अभ्यास करत होते, १९०४ चे नोबेलही त्यांना त्याच अभ्यासासाठी मिळाले, आणि त्या ओघात त्यांच्या लक्षात आले की खाण्याची चाहूल देणाऱ्या खुणेनेच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते. ब्रूनोच्या दृष्टीने भोंगा म्हणजे पोय, आणि पोय सायकलवरच्या टोपलीत असते. मग त्याने सायकलकडे धाव घेतली तर त्यात नवल कोणते? उपाय सोपा आहे आणि त्यासाठी पोदेराचा धंदा बुडवावा लागत नाही. सायकलीजवळ तुकडा देणे आजपासून बंद करावे. भोंगा वाजला की, अंगणात असो वा रस्त्यावर, ताबडतोब आपल्या मांडीच्या शिवणीजवळ कोंबडीचा तुकडा द्यावा, कुत्रा शांत असो वा नसो. येथे आपण चांगल्या वागण्याचे बक्षीस देत नसून आवाजाचा अर्थ बदलतो आहोत. भोंग्याचा आवाज मोबाइलमध्ये ध्वनिमुद्रित करून घरात हळू आवाजात वाजवून सुरुवात केली तर काम लवकर होते. दोन-तीन आठवड्यांत भोंगा वाजल्यावर तो सायकलीऐवजी तुमच्या हाताकडे पाहू लागेल.

वाड्यावरच्या कुत्र्यांचे प्रकरण मात्र इतके हलकेफुलके नाही. येथे पाहण्याची पहिली गोष्ट म्हणजे ब्रूनोचे अंग: शेपूट सैल हलते आहे, तोंड उघडे आहे आणि तो वाकडातिकडा पुढे जातो आहे, की अंग ताठ, तोंड मिटलेले आणि नजर एका जागी खिळलेली आहे? पहिला प्रकार उत्साहाचा, दुसरा भीतीचा किंवा रागाचा. दुसरी खूण म्हणजे खाऊ. घरी कोंबडीसाठी नाचणारा कुत्रा रस्त्यावर तोच तुकडा नाकापुढे धरला तरी घेत नसेल, तर तो अंतराची मर्यादा ओलांडून फार जवळ गेलेला आहे आणि त्या क्षणी त्याला काहीही शिकवता येणार नाही. फक्त दूर न्यावे. किती दूर, हे प्रत्येक कुत्र्याचे वेगळे असते. एकाला दहा मीटर पुरतात, दुसऱ्याला चाळीस लागतात.

अरुंद वाटांवर हे अंतर मिळणे अवघड असते, म्हणून मी प्रत्येक घराला आधी कुत्र्याशिवाय एक फेरी मारायला सांगतो. कोणत्या गडग्याआड कोणती कुत्री बसतात, त्यांना कोण आणि केव्हा खायला घालते, कोणत्या वळणावर परत फिरायला जागा आहे, हे सर्व मनात टिपून घ्यावे. वाड्यावरची कुत्री खाण्याच्या जागेजवळ अधिक आक्रमक असतात आणि खाण्याची वेळ टाळली तर अर्धे भांडण टळते. परत फिरण्याचा सराव मात्र कुत्री समोर नसतानाच करावा: ‘चल परत’ म्हणावे, वळावे, वळल्यावर दोन-तीन तुकडे द्यावेत. दिवसातून दहा वेळा रिकाम्या वाटेवर हे झाले असेल तरच संकटाच्या वेळी ते चालते. कुत्री जवळ आली तर दोरी आखडून घेण्याचा मोह आवरावा, कारण ताणलेल्या दोरीने कुत्र्याचे अंग ताठ उभे राहते आणि समोरच्याला ते आव्हान वाटते. खाऊ जमिनीवर टाकू नये. त्यावरून झुंज होते. पावसाळ्यात हातात छत्री असतेच. ती समोर उघडून धरली की बहुतेक कुत्री थबकतात आणि तेवढ्यात वळून निघता येते, पण ब्रूनोला छत्री उघडण्याची सवय आधी घरी करून घ्यावी, नाहीतर पहिला तोच पळेल. गोव्यात मिशन रेबीज या रेबीज रोखण्यासाठी काम करणाऱ्या संस्थेच्या पथकांनी सरकारच्या साथीने वर्षानुवर्षे रस्त्यावरच्या कुत्र्यांना लस टोचली आहे, तरीही ब्रूनोची वार्षिक लस चुकवू नये, आणि माणसाला दात लागलाच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन लगेच आरोग्य केंद्रात जावे.

याला वेळ किती लागेल? माझ्या अनुभवात वर्षभराची सवय असलेला निरोगी लॅब्राडोर अंगणात दोन आठवड्यांत आणि घराजवळच्या वाटेवर सहा ते आठ आठवड्यांत बऱ्यापैकी चालू लागतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून सैल दोरीने चालणारा कुत्रा घडायला वर्ष लागते आणि तुम्हाला त्याची गरजही नाही. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, दिवसांत धडे बंद ठेवावेत. फटाके, पाहुणे आणि अपुरी झोप यांत शिकवलेले काही टिकत नाही. भावाला मात्र एक विनंती करा. रविवारी त्याला ब्रूनोबरोबर धावायचे असेल तर धावू दे, पण मोकळ्या माळावर, लांब दोरी हार्नेसला लावून, आणि तेथपर्यंत चालत न जाता गाडीने जाऊन.

राहता राहिले वडील. तुम्ही लिहिले आहे की डॉक्टरांनी त्यांना रोज चालायला सांगितले आहे आणि ब्रूनोशिवाय जायला ते तयार नाहीत. त्यांचे मनगट बरे होईपर्यंत सकाळी ब्रूनोची दोरी तुमच्या हातात असू द्या आणि वडिलांना बरोबर चालू द्या, खाऊची पिशवी त्यांच्याकडे देऊन. ‘आता द्या’ असे तुम्ही म्हणाल तेव्हा त्यांनी मांडीच्या शिवणीजवळ तुकडा द्यावा. दोन आठवड्यांत ब्रूनो त्यांच्या बाजूनेही चालायला शिकेल आणि केव्हा द्यायचे हे त्यांनाही न सांगता कळू लागेल. दोरी त्यांच्या हातात देण्याची घाई करू नका. ब्रूनो फाटकातून सलग सात दिवस सैल दोरीने बाहेर पडला, की आठव्या दिवशी द्या, आणि त्या दिवशी चिऱ्यांच्या पायऱ्यांची वाट सोडून सपाट रस्त्याने जा.